उजेड लहान होत नाही

मॉडेलच्या गाडीचा खोटेपणा सगळ्यात आधी काचेत उघडा पडतो. रंग थोडा उजळ निघाला तर चालून जातं, टायरवरची नक्षी चुकली तर सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षातही येत नाही, पण काच जाड दिसली की गाडीचं खेळणं झालंच म्हणून समजा. हिशेब अगदी साधा आहे. मोटारीच्या दाराची काच साधारण ४ मिलिमीटर जाड असते. गाडी १:२४ प्रमाणात करायची तर तिची काच ०.१७ मिलिमीटरची हवी, १:४३ मध्ये ०.०९ची, आणि विमानवाल्यांच्या लाडक्या १:७२ मध्ये जेमतेम ०.०६ची, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीची. किटच्या खोक्यातून जी पारदर्शक तावदानं निघतात ती मात्र १ मिलिमीटरच्या आसपास असतात. आता उलटा गुणाकार करा. चोविसाला १ म्हणजे खऱ्या गाडीला २४ मिलिमीटर, जवळजवळ एक इंच. असली काच झेड सुरक्षेतल्या पुढाऱ्याच्या गाडीला शोभेल, काळ्या-पिवळ्या टॅक्सीला नाही.

यात किट बनवणाऱ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. वितळलेलं पॉलिस्टायरिन दाबाने पोलादी साच्यात शिरतं. साच्यातली फट फार अरुंद ठेवली तर ते टोकापर्यंत पोचायच्या आत थिजतं. आणि पोचलं, तरी पारदर्शक पॉलिस्टायरिन मुळात ठिसूळ. स्प्रूवरून, म्हणजे सुटे भाग ज्या सांगाड्याला जोडलेले येतात त्यावरून, तुकडा सोडवताना कटर जरा तिरका पडला की तडा गेलाच. म्हणून जाडी ठेवावी लागते, आणि जाडीच्या मागोमाग बाकीची पीडा येते. काचेचा अपवर्तनांक १.५२ च्या आसपास, पॉलिस्टायरिनचा १.५९. प्रकाशाला काचेपेक्षा जास्त वाकवणारा हा पदार्थ, त्यात कोपऱ्याकोपऱ्याला वळलेला. आतलं स्टिअरिंग एका बाजूने पाहावं तर लांबुळकं, दुसऱ्या बाजूने फेंगडं. शिवाय एका कडेतून आत शिरलेला उजेड आतल्या आत आपटत जातो आणि समोरच्या कडेला पांढरी रेघ होऊन बाहेर पडतो. खऱ्या गाडीच्या खिडकीभोवती अशी चमकती चौकट कोणी पाहिली आहे?

नुसती काच बदलून भागत नाही, कारण गाडीचा पत्राही जाड असतो. खरा पत्रा मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ. मॉडेलचा ‘पत्रा’ही मिलिमीटरभरच. त्यामुळे आतून बसवलेली काच खोल कोनाड्यात ठेवल्यासारखी मागे जाते. यावर इलाज एकच, खिडकीच्या चौकटीची आतली कड कानशीने तासत न्यायची, बाहेरची कड कागदासारखी धारदार होईपर्यंत. हे कंटाळवाणं काम आहे आणि ते केल्याचं कोणालाही दिसत नाही. पण ते न केल्याचं लगेच दिसतं.

एकेकाळी खेळण्यातल्या गाड्यांना काचाच नसायच्या. लिव्हरपूलच्या डिंकी टॉइजच्या ओतीव गाड्यांची खिडकी म्हणजे नुसतं भोक. आरपार बोट घालता यायचं, आणि कुठल्याही मुलाची त्याबद्दल तक्रार नव्हती. मग १९५६ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झीच्या कारखान्यातून कॉर्गी टॉइज बाजारात आल्या. त्यांच्या जाहिरातीचा सगळा जोर एकाच गोष्टीवर होता: आमच्या गाड्यांना खिडक्यांच्या काचा आहेत. पारदर्शक प्लास्टिकचा एक पत्रा छपराच्या आत अडकवलेला, एवढंच. पण त्या पत्र्याने डिंकीला धावायला लावलं. आपल्याकडे डिंकीचे जुने साचे कलकत्त्याला आले आणि ‘निकी’ नावाने गाड्या निघाल्या, त्या काहींनी लहानपणी खेळवल्या असतील. मला यात गंमत वाटते ती अशी की भोकाचं कोणाला वावडं नव्हतं. काच आली, आणि ती आल्यावर मग ती जाड आहे, ओरखड्यांची आहे, डिंकाने डागाळलेली आहे हे दिसायला लागलं. आमच्या छंदातली निम्मी हळहळ त्या १९५६ सालापासूनची.

मी करतो त्या बहुतेक एसटीच्या गाड्या, १:२४ प्रमाणात. ११ मीटरची बस दीड फुटाची होते आणि घरात ती ठेवायची कुठे हा प्रश्न दर वेळी नव्याने चर्चेला येतो. माझं आयुष्य ड्रॉइंग ऑफिसात गेलं, त्यामुळे पातळ पारदर्शक कागदांशी जुना घरोबा. ओएचपीची शीट ०.१ मिलिमीटरची असते. ती १:४३ ला इतकी चपखल बसते की जणू त्यासाठीच काढली होती. झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंगवर लावायला जे पारदर्शक कव्हर ठेवतात ते थोडं जाड, पण त्यात दुधी झाक आहे का हे पांढऱ्या कागदावर धरून बघावं लागतं. नव्या शर्टाच्या कॉलरमधली पट्टी, मिठाईच्या खोक्याची खिडकी, खेळण्याच्या पुठ्ठ्यावरचा फुगवटा, सगळं मी वर्षानुवर्षं साठवत आलो आहे. पण १:२४ ला नेमकी जाडी सापडली ती कपाटावरच्या तपकिरी लिफाफ्यात.

एक्स-रेची फिल्म पॉलिएस्टरची असते आणि तिची जाडी ०.१७५ मिलिमीटर. आपल्याला हवी ०.१७! हा योगायोग ज्या दिवशी ध्यानात आला त्या दिवशी मी आईच्या गुडघ्याचे जुने एक्स-रे खाली काढले. ही दारातच उभी होती. “अहो, उद्या डॉक्टरांनी मागितले तर?” आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण महाराष्ट्रात एक्स-रे टाकून द्यायची पद्धत नाही. ग्रहण बघायला लागतात, म्हणून आमच्या लहानपणी ते जपून ठेवत. (तसं बघणं डोळ्यांना घातक आहे हे नंतर कळलं.) भंगारवाले त्यातल्या चांदीसाठी ते मागून नेतात.

रसायनात धुऊन काढलेली जुनी फिल्म ब्लीचच्या पातळ पाण्यात टाकली की तिच्यावरचा जिलेटीनचा थर सुटू लागतो. आधी कडा पांढुरक्या होतात, मग बोटाने हलकेच ढकललं की काळी सालपटं निघतात. मांडीचं हाड, वाटी, नडगी, कोपऱ्यातलं नाव आणि तारीख एकामागून एक मोरीत वाहून जातात. खाली उरतो तो स्वच्छ, ताठ, किंचित निळसर पत्रा. हा निळेपणा मुद्दाम दिलेला असतो, डॉक्टरांच्या डोळ्यांना सोसावा म्हणून. त्याबद्दल पुढे बोलेन. कात्रीने पॉलिएस्टर कापू नये, कड दबते आणि पुढे त्या दबलेल्या कडेवर उजेड अडकतो. नवं ब्लेड, पोलादी पट्टी, आणि एकाच रेघेवरून तीन-चार हलके हात.

एसटीच्या बाजूच्या खिडक्यांना मात्र प्लास्टिक घालायचं माझ्या जिवावर येतं. त्या अगदी सपाट असतात, आणि सपाटपणात प्लास्टिक काचेची बरोबरी करूच शकत नाही. कितीही ताणून बसवा, त्यात कुठेतरी पोक येतंच. तिथे मी खरी काच घालतो. सूक्ष्मदर्शकाखाली नमुना ठेवल्यावर त्याच्यावर झाकतात ती कव्हर स्लिप ०.१३ ते ०.१९ मिलिमीटर जाडीची असते, आणि प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात डबीच्या डबी मिळते. रेल्वेची मॉडेलं करणारे लोक डब्यांच्या खिडक्यांना ती केव्हापासून वापरतात. २२ मिलिमीटर रुंदीची काच म्हणजे चोविसाच्या हिशेबाने ५३ सेंटिमीटर, म्हणजे एसटीच्या सरकत्या खिडकीचा जवळपास एक अर्धा भाग.

ती कापायची हिरकणीने. जाड काचेवर हिरकणी फिरते तेव्हा करकर आवाज येतो आणि त्या आवाजावरून कारागिराला रेघ लागली की नाही ते कळतं. कव्हर स्लिपवर आवाज येऊन चालत नाही. आवाज आला म्हणजे दाब जास्त झाला, म्हणजे काच गेली. आरशाच्या तुकड्यावर ती ठेवायची, खाली पाण्याचा एक थेंब, म्हणजे ती सरकत नाही. पट्टी धरून हिरकणीचा स्पर्श तेवढा न्यायचा, एकदाच. परत त्याच रेघेवर गेलात तर तडा आपल्या मनाने वाट काढतो. मग रेघेच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून अगदी किंचित वाकवायची. टिक्. डोळ्यांवर चष्मा असलाच पाहिजे, कारण याचे कण दिसत नाहीत आणि झाडूने निघत नाहीत. उरलेले तुकडे ओल्या कापसाच्या बोळ्याने टिपायचे.

आता त्या कापलेल्या कडेकडे भिंगातून पाहा. मोठ्या तावदानाची कड हिरवी दिसते, कारण साध्या काचेत लोहाचा अंश असतो आणि कडेतून बघताना आपण काचेच्या हातभर जाडीतून बघत असतो. कव्हर स्लिप इतकी पातळ आणि निर्मळ की तिच्या कडेला रंगच नसतो. म्हणून एसटीच्या ज्या खिडकीत एक काच दुसरीच्या मागे अर्धी सरकलेली दाखवायची आहे, तिथे आतल्या काचेच्या उभ्या कडेवर गडद हिरव्या मार्करचं टोक एकदा फिरवायचं. बाकीच्या कडा काळ्या. काळ्या केल्या की मघाशी सांगितलेली ती पांढरी चौकट विझते. लांबून ती हिरवी रेघ दिसत नाही, पण खिडकी उघडी आहे हे कळतं.

वाकलेल्या काचेची गोष्ट वेगळी. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या एसटीच्या कार्यशाळांत बांधलेल्या जुन्या लाल गाड्यांचं एक बरं होतं: पुढची काच दोन सपाट तुकड्यांची, मध्ये एक उभी पट्टी. जीपचंही तसंच. पण गाडी जसजशी नवी होत गेली तसतशी काच गोलाईत शिरली. आडवी किंवा उभी, एकाच दिशेने वाकणारी काच कुठल्याही पारदर्शक पत्र्याची करता येते. दोन्ही दिशांना फुगणारी करता येत नाही. नारळाला कागद गुंडाळून बघा, चुण्या पडल्याशिवाय राहत नाहीत. ताणल्याशिवाय सपाट पत्रा घुमट होत नाही हे गाउसने १८२७ मध्ये गणिताने दाखवून दिलं आहे, त्यामुळे आमच्यासारख्यांनी हट्ट करण्यात अर्थ नव्हता. पत्रा तापवून ताणावाच लागतो.

त्यासाठी सागवानी लाकडाचा ठोकळा त्या काचेच्या आकाराचा तासायचा. तो आरशासारखा गुळगुळीत हवा, कारण तापलेलं प्लास्टिक फार चुगलखोर. लाकडाची एकेक रेषा उचलून घेतं. प्लायवूडला ठोकळ्यापेक्षा जरा मोठं भोक पाडायचं आणि त्यावर पीईटीजीचा पत्रा चारी बाजूंनी घट्ट ठोकायचा. मग गॅसच्या मंद आचेवर, बऱ्याच वरून, फिरवत राहायचं. आधी काहीच होत नाही. मग पत्रा थरथरल्यासारखा होतो, ताणला जातो, आणि एका क्षणी मध्ये झोळ पडतो. तो क्षण पकडायचा आणि ठोकळा भोकातून सरळ खाली दाबायचा. उशीर झाला तर पत्र्यात बारीक बुडबुडे येतात, हवेतला ओलावा त्यात मुरलेला असतो तो उकळतो. कुठलं प्लास्टिक आहे ते माहीत नसेल तर हा उद्योग करूच नये. पीव्हीसी तापलं तर आम्लाची वाफ सोडतं. हा सगळा प्रकार आमच्याकडे दुपारी, ओटा मोकळा असताना आणि ही भिशीला गेलेली असताना चालतो.

काच तयार झाली, आता चिकटवायची. इथे नव्या माणसाचा घात ठरलेला. क्षणात चिकटतो म्हणून तो सायनोअॅक्रिलेटचा गोंद उचलतो, काच सुरेख बसते, तो झोपायला जातो आणि सकाळी बघतो तर काचेवर आतून पांढरं धुकं धरलेलं. गोंद सुकताना त्याची वाफ निघते, ती हवेतल्या दमटपणाशी मिळून जिथे बसेल तिथे पांढरी भुकटी होऊन बसते. बोटाचा ठसा उमटला असेल तिथे तर आवर्जून. पोलीस याच गुणाचा उपयोग करून ठसे शोधतात: वस्तू बंद पेटीत ठेवायची, या गोंदाची वाफ सोडायची, अदृश्य ठसा पांढरा होऊन वर येतो. आषाढातल्या मुंबईत किंवा कोकणात तुम्हाला वेगळी पेटी लागत नाही.

या गोंदाचा जन्म कळला तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो. १९४२ मध्ये ईस्टमन कोडॅकचे हॅरी कूव्हर बंदुकीचा नेम धरायच्या साधनासाठी स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. सायनोअॅक्रिलेट हाती आलं, पण ते ज्याला त्याला चिकटत सुटलं म्हणून बाजूला ठेवलं. १९५१ मध्ये त्यांच्याच हाताखाली जेट विमानाच्या वैमानिकावरचं पारदर्शक झाकण, म्हणजे कॅनॉपी, उष्णता सोसेल असं करण्याची खटपट चालू होती. त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी पदार्थाचा अपवर्तनांक मोजायला तो उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये घातला, आणि ते महागाचे लोलक एकमेकांना कायमचे चिकटले. त्यावरून १९५८ मध्ये गोंद बाजारात आला. म्हणजे बंदुकीच्या दुर्बिणीसाठी आणि विमानाच्या काचेसाठी निघालेली वाट या गोंदाशी येऊन थांबली, आणि आज जगभरातल्या मॉडेलवाल्यांच्या विमानांची काच खराब करण्यात त्याच गोंदाचा हात सगळ्यात मोठा आहे.

म्हणून आम्ही फेव्हिकॉलवर येतो. तो पांढरा लागतो आणि पारदर्शक सुकतो, वाफ सोडत नाही, चुकला तर ओल्या फडक्याने निघतो. लहान खिडकीला तर वेगळी काचसुद्धा लागत नाही. टूथपिकवर फेव्हिकॉल घेऊन भोकाच्या कडेने फिरवायचा आणि मग पलीकडच्या कडेला ओढत न्यायचा. मध्ये पडदा धरतो. पाच-सहा मिलिमीटरपर्यंत हे चालतं, त्यापुढे पडदा फुटतो. सुकल्यावर तो मध्ये पातळ, कडेला जाड होतो, म्हणून दिव्यांना आणि बसच्या मागच्या छोट्या खिडकीला ठीक. खिडकी खऱ्या गाडीची आहे की मॉडेलची याच्याशी पृष्ठताणाला देणंघेणं नाही. त्याला मिलिमीटर कळतात, प्रमाण कळत नाही.

या सगळ्या उद्योगाची मेख मला इथेच दिसते. आपण गाडी लहान करतो, आसनं लहान करतो, गज, नटबोल्ट, नंबरपाटी सगळं चोविसाने भागतो. पण उजेड भागता येत नाही. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो, मग ती काच एसटीची असो की सूक्ष्मदर्शकाची. धुळीचा कण ०.०५ मिलिमीटरचा असेल तर मॉडेलवर तो सव्वा मिलिमीटरची खडी होऊन बसतो. म्हणून खरी धूळ मॉडेलवर कधीच खरी दिसत नाही. ती पुसून काढून, वस्त्रगाळ मुलतानी मातीची खोटी धूळ लावावी लागते.

कव्हर स्लिपच्या काचा पहिल्यांदा बसवल्या तेव्हा नातीला बोलावून दाखवल्या. तिने बस उचलली, डोळ्यांपाशी धरली आणि म्हणाली, “आबा, काचा लावायच्या राहिल्या.” मला याहून मोठं प्रशस्तिपत्रक मिळणं शक्य नव्हतं, पण ते मिळाल्यावर मी अस्वस्थ झालो. रस्त्यावरच्या बसला काच नाही असं कोणी म्हणेल का? मग फरक कुठे? तो खोलीत होता. खरी बस आकाशाखाली उभी असते आणि तिच्या काचेवर आकाश पडलेलं असतं, समोरची इमारत, झाड, विजेची तार पडलेली असते. त्या चार-आठ टक्क्यांतलं आकाश आतल्या अंधारावर मात करतं, म्हणून आपल्याला काच ‘दिसते’. खोलीत त्या काचेच्या वाट्याला येतं पांढरं छत. मी बस गॅलरीत नेऊन कठड्यावर ठेवली. सगळ्या काचा एकदम उगवल्या.

सगळ्या, पण एकसारख्या नाहीत. घाईचा माणूस ओएचपीची एकच लांब पट्टी कापून बसच्या एका बाजूच्या सगळ्या खिडक्यांमागे चिकटवतो. काम सोपं होतं आणि तिथेच चोरी पकडली जाते. पट्टीवरचं आकाश पहिल्या खिडकीपासून शेवटच्या खिडकीपर्यंत अखंड वाहतं. खऱ्या बसमध्ये प्रत्येक काच आपापल्या चौकटीत थोडी वेगळी बसलेली असते. एक जरा आत कललेली, एक खिळखिळी, एक कागदाचा बोळा खोचून थांबवलेली. त्यामुळे एका खिडकीत ढग, शेजारच्या खिडकीत भिंत, तिसरीत काहीच नाही. प्रीमियर पद्मिनीच्या दारात मोठ्या काचेपुढे ती छोटी तिकोनी काच असायची, वाऱ्यासाठी फिरवून उघडता येणारी. ती मोठ्या काचेच्या रेषेत बसवली तर कोणी बघत नाही. थोडी फिरवून बसवली की तिच्यावर वेगळंच ऊन चमकतं आणि गाडीत ड्रायव्हर बसून गेल्यासारखा वाटतो. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला कायमची उतरली. तिचं मॉडेल करणाऱ्या तरुण मुलांना मी एवढंच सांगतो, बाकी काही चुकलं तरी चालेल, ती तिकोनी काच जरा उघडी ठेवा.

एक चोरवाट आहे, काच काळी करून टाकायची. आतली आसनं करायला नकोत, ड्रायव्हर नको, डॅशबोर्ड नको. मोठ्या जीपगाड्यांची मॉडेलं अशी भरपूर दिसतात. पण सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ च्या निकालाने काचांवरच्या काळ्या फिल्मला बंदी केली, त्यामुळे त्यानंतरच्या सालाची नंबरपाटी लावलेली काळ्या काचांची गाडी बघितली की मला पावतीपुस्तक काढावंसं वाटतं. मी धुराच्या रंगाचा पातळ पारदर्शक हात काचेला आतून देतो, इतका पातळ की दिल्याचं कळू नये. खोलीत नसलेल्या आकाशाची ती भरपाई.

आणि मग घाण करायची. इतक्या मेहनतीने निर्मळ केलेली काच घाण करायला हात धजत नाही, पण धुतलेली एसटी महाराष्ट्राने आगार सोडल्यावर तासाभराच्या पुढे कधी पाहिलेली नाही. पुढच्या काचेवर वायपरच्या फिरण्याइतकी मास्किंग टेप कमानीत कापून लावायची आणि वर मातीचा फवारा मारायचा; टेप काढली की स्वच्छ कमान उरते. कमान एकच ठेवायची, ड्रायव्हरच्या बाजूची. दुसरा वायपर आहे हे दाखवायचं, तो चालतो असं सुचवायचं नाही. बाजूच्या काचांवर आतून, बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल त्या उंचीवर, मॅट वार्निशचा एकेक ठिपका बोटाने पुसटवायचा. शेकडो प्रवाशांच्या खोबरेल तेलाचा तो डाग सकाळच्या तिरप्या उन्हात खऱ्या गाडीत किती ठळक दिसतो! एसटीत बसून ज्यांनी कधी डुलकी काढली आहे ते हा डाग बघून गालात हसतात. घाटात ज्यांना गाडी लागते त्यांनी खिडकीबाहेर सोडलेल्या खुणाही तितक्याच खऱ्या आहेत. त्या मी एकदाच केल्या. घरच्यांनी ती बस दिवाणखान्यात ठेवू दिली नाही.

मघाशी निळ्या रंगाचं राहिलं. गेल्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. आत बसवलेलं भिंग अॅक्रिलिकचं आहे असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी त्यांना उलट प्रश्नांनी भंडावलं, कारण या भिंगाचा उगम आमच्याच गल्लीतला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांच्या कॅनॉपी पर्स्पेक्सच्या, म्हणजे अॅक्रिलिकच्या असत. १९४० मध्ये गॉर्डन क्लीव्हर या हरिकेनच्या वैमानिकाच्या डोळ्यांत त्या फुटलेल्या कॅनॉपीचे कण घुसले. हॅरल्ड रिडली या डॉक्टरांच्या लक्षात आलं की साधी काच गेली तर डोळा चिडतो, हे प्लास्टिक मात्र डोळा मुकाट सोसतो. त्यावरून त्यांनी पर्स्पेक्सचंच भिंग करून नोव्हेंबर १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात एका रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी त्यांना पुष्कळ वर्षं वेड्यात काढलं. आज गावोगावच्या नेत्रशिबिरात आजीबाईंच्या डोळ्यांत बसतं ते त्याच घराण्यातलं.

शस्त्रक्रियेनंतर पट्टी निघाली आणि दुसऱ्या दिवशी मी टेबलाशी बसलो. समोर निमआराम गाडी होती: बाजूच्या काचा कव्हर स्लिपच्या, पुढची एक्स-रे फिल्मची, नुसती टेकवून ठेवलेली. डाव्या डोळ्याने बघितलं तर दोन्ही एकाच रंगाच्या. उजव्याने बघितलं तर पुढची चक्क निळी. परत डावा, परत उजवा. डाव्या डोळ्यातलं म्हातारं भिंग पिवळं पडलेलं आहे, ते निळा रंग गाळून टाकतं. इतकी वर्षं मी काचा त्या पिवळ्या भिंगांतून निवडल्या, धुराचा हात त्यांतूनच बघून दिला. कपाटात ठेवलेल्या सगळ्या गाड्या मी पुन्हा एकेका डोळ्याने तपासल्या. काहींच्या काचा उजव्या डोळ्याला खटकतात, डाव्याला अजून पसंत आहेत.

नातीला विचारलं. ती म्हणाली, “निळी आहे, पण थोडीशीच. बसच्या काचा निळ्या असतात की!” तिचं चुकत नाही. हल्लीच्या आरामगाड्यांच्या काचा रंगीत असतात, आणि तिने लहानपणापासून त्याच पाहिल्या आहेत. माझी गाडी मात्र त्याआधीची आहे.

दुसऱ्या डोळ्याची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे. तोवर पुढची काच पक्की करायची नाही असं ठरवलंय. रबराचं बीडिंग, आरशाचे दांडे, मार्गाची पाटी ही कामं आधी उरकून घेतो. पाटीवर कुठलं गाव लिहायचं यावरून घरात दोन तट पडले आहेत. हिचं म्हणणं गुहागर, माझं महाबळेश्वर.